माळावर म्हसोबाच्या शेळ्या

गावाचं नाव लिहायचं नाही, या अटीवर मी हे लिहिते आहे. अट आप्पांची. "बाकी समदं लिव्ह," ते म्हणाले, "शेळ्यांचंबी लिव्ह. फकस्त नाव नगं. गावात अजून लग्नाची पोरं हायेत." त्यामुळे ज्यांना जायचं असेल त्यांनी एवढ्यावर भागवावं: पुण्याहून दौंडच्या गाडीने खुटबावला उतरायचं, भीमेचा पूल ओलांडायचा, म्हणजे दौंड तालुका संपून शिरूर लागतो, आणि मांडवगण फराट्याच्या आसपास कोणालाही विचारायचं, की झाडं न लावता झाडं आलेला माळ कुठाय. लोक आधी तुमच्याकडे नीट बघतील, मग सांगतील.

मी विचारणं शक्यच नव्हतं. मी अनोळखी माणसांना काही विचारत नाही. रिक्षावाल्याने चुकीचं वळण घेतलं, तर त्या वळणावर आपलं काही काम निघतं का, ते मी आठवते. पण प्राजक्ता ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, हे तिचं गाव, आणि तिचे वडील, म्हणजे आप्पा, गावाच्या गायरान समितीचे अध्यक्ष. "हुरडा खायला चल आणि आप्पांचा माळ बघ," असं ती हिवाळाभर म्हणत होती. ती आदल्या दिवशीच घरी गेली, आणि जानेवारीतल्या एका शुक्रवारी मी निघाले.

खुटबाव, दौंडमार्गे

खुटबाव आलं तेव्हा माझ्या खांद्यावर एक बाई गाढ झोपल्या होत्या. नऊवारी, मोठं कुंकू, मांडीवर औषधांची पिशवी. उठायचं तर त्यांना जागं करावं लागणार होतं. मी घसा खाकरला. त्या घोरल्या. स्टेशन आलं, थांबलं आणि गेलं. केडगाव गेलं, पाटस गेलं. थेट दौंडला, सगळी गाडी रिकामी झाल्यावर, बाई जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "खुटबाव आलं का गं?"

"गेलं," मी म्हणाले.

"तुला कुठं जायचं व्हतं?"

"खुटबावलाच."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "आन् मला उठीवलं न्हाईस?"

"तुम्ही झोपला होता."

"आगं, झोपलेल्या मानसालाच उठीवत्यात!"

परतीची गाडी मिळेपर्यंत दौंडच्या फलाटावर त्यांनी मला वडापाव खाऊ घातला, गुडघ्यांचे एक्स-रे उन्हात धरून दाखवले, आणि माझं लग्न, पगार, जात सोडून बाकी सगळं विचारून घेतलं. खुटबावला प्राजक्ता तोंड वाकडं करून जीपपाशी उभी होती. आम्हाला दोघींना एकाच डब्यातून उतरताना बघून ती ओरडली, "आत्या? तू हिच्यासोबत कशी काय?"

अशी माझी आणि इंदूआत्यांची ओळख झाली. त्या आप्पांच्या थोरल्या बहीण. नवरा गेल्यापासून भावाच्या शेजारच्याच घरात एकट्या राहतात, चार पांढऱ्या संगमनेरी शेळ्या पाळतात. जीपमध्ये त्यांनी जाहीर करून टाकलं, की पुण्यात राहून पोरगी मऊ झालीय, पण खांदा चांगला आहे.

माळ

शनिवारी सकाळी आप्पांनी मला माळ दाखवला. आता खरं सांगते, मला वाटलं होतं जंगल असेल. समोर होता उतारावरचा मुरमाड माळ, गुडघ्यापर्यंत वाळकं गवत, आणि त्यात माझ्या उंचीची, काही थोडी जास्त, बहुतेक काटेरी झाडं. हिवर, बोर, लिंब, मधूनच एखादा खैर. मी "छान" म्हणाले. माझ्या आवाजातलं ते "छान" आप्पांनी ओळखलं.

"आधीचं बघितलं न्हाईस तू," ते म्हणाले. "हितं टेनिस खेळता आलं असतं."

पूर्वी इथे एकदा रोपं लावली होती म्हणे. खड्डे खणले, पाहुणे आले, नारळ फुटले, फलक लागला. उन्हाळ्यानंतर त्यातला फलक तेवढा जगला. मग कोणीतरी आप्पांच्या डोक्यात भरवलं, की लावूच नका, आहे तेच वाढू द्या. कारण माळावर जी टीचभर खुरटी झुडपं दिसायची, ती झुडपं नव्हतीच. ती जुनी झाडं होती. वर कुऱ्हाड आणि शेळीचं तोंड, पण खाली मुळं जिवंत. दर पावसाळ्यात बिचारी फुटायची, आणि दर हिवाळ्यात कोणीतरी खाऊन टाकायचं. गावाने एवढंच केलं: कुऱ्हाड बंद, चराई बंद. गवत विळ्याने कापून कोणीही न्यावं, पण जनावर आत सोडायचं नाही. आणि एकेका बुंध्याला जे डझनभर फुटवे येतात, त्यातले दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे छाटायचे, म्हणजे झुडपाचं झाड होतं.

हे ऐकायला सोपं आहे. कोणते दोन-तीन ठेवायचे, हा प्रश्न आला की मुली बघायला गेल्यासारखं होतं. एका हिवराभोवती समितीची चार माणसं गोल उभी होती.

"ह्यो सरळ हाय."

"सरळ हाय, पर किडका हाय. त्याचं बूड बघा."

"मग त्यो थोरला घ्या."

"त्यो वाकडा हाय की!"

"वाकडा हाय, पर जोर हाय. तुझ्यासारखा नुसता सरळ न्हाई."

बराच वेळ खल होऊन एका फुटव्यावर सगळ्यांचं एकमत झालं. मग पाहुणीचा मान म्हणून छाटणीची कात्री, तिला ते सिकेटर म्हणतात, माझ्या हातात दिली. चौघे बघत होते. कोणी बघत असलं की माझे हात माझे राहत नाहीत. मी वाकले, डोळे किलकिले केले, आणि ज्याच्यावर एकमत झालं होतं तोच फुटवा कचकन कापला.

लांब कुठेतरी उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून चालला होता.

"असू दे," आप्पा शेवटी म्हणाले. "त्यो वाकडा ठिवू. त्याचंबी कायतरी नशीब असंल."

परत येताना त्यांनी एका लिंबाच्या शेंड्यावर हात ठेवला. तो त्यांच्या छातीपर्यंत आला होता. "ह्यो शेंडा शेळीच्या तोंडाच्या वर गेला, की मला भ्या न्हाई. अजून दोन पावसाळं पायजेत. आन् उद्या ग्रामसभा." बंदीची मुदत संपत होती. पुढे चालू ठेवायची, की माळ मोकळा सोडायचा, हे रविवारी सकाळी ठरणार होतं. मोकळा सोडला, तर आठवड्यात सगळं पुन्हा टीचभर होणार, हे सांगायला कोणी तज्ज्ञ नको होता. वेशीवर शेळ्या नुसत्या आमच्याकडे बघत उभ्या होत्या.

देवाचा बोकड

बंदी मोडली तर दंड नसतो. त्याहून वाईट असतं. मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यातून नाव पुकारतात. "अमक्या अमक्या यांची शेळी गायरानात मिळालेली आहे, तरी त्यांनी ती घेऊन जावी," असं तीनदा. सगळा गाव ऐकतो, शेतातले ऐकतात, वारा असला तर शेजारचा गावही ऐकतो. प्राजक्ता म्हणाली, पहिल्या वर्षी एका माणसाचं नाव पुकारलं, तर तो दोन दिवस उसातून बाहेर आला नाही. उसात बिबट्या असतो, तरी.

या नियमातून एकच जीव सुटलेला होता, म्हसोबाला सोडलेला बोकड. कोणाच्या तरी नवसाचा. एकदा देवाला सोडला की तो कोणाचाच नसतो, त्याला कोणी हाकलत नाही, मारत नाही. तो हॉटेलातली भजी खातो, दुकानातले शेंगदाणे खातो, आणि शनिवारी दुपारी त्याने ओट्यावर वाळत घातलेली माझी ओढणीही अर्धी खाल्ली. मी त्याला "अहो" म्हणाले. ऐकलं नाही. तो माळात शिरला तेव्हा समितीतल्या एका कर्तव्यदक्ष माणसाने नियमाप्रमाणे पुकारलं होतं म्हणे, "श्री म्हसोबा यांचा बोकड गायरानात मिळालेला आहे, तरी त्यांनी तो घेऊन जावा." दोन बायका नारळ घेऊन आल्या.

एक बोकड किती खाणार, म्हणून गावाने दुर्लक्ष केलं. इंदूआत्यांनी केलं नाही.

त्याच दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो, आणि बातमी आली, की आत्यांच्या चारही शेळ्या माळात चरतायत. आप्पा ताटावरून उठले. मी आणि प्राजक्ता मागोमाग. कुंपणाच्या बाभळीच्या फांद्या बाजूला सारलेल्या, आत चार पांढऱ्या शेळ्या, आणि चौघींच्या कपाळावर भंडारा. म्हणजे हळद. पिवळीजर्द, अगदी जाड थापलेली. आत्या दगडावर बसून गुडघा चोळत होत्या.

"आक्का, ह्ये काय?"

"देवाला वाहिल्यात."

"चारीबी?"

"चारीबी. सपनात आलं, वाहिल्या."

"आन् दूध?"

"दूध मी परसाद म्हनून पिते."

"आक्का, नाव पुकारावं लागंल."

"पुकार की, बाळ्या. म्हसोबाचं पुकार."

थोरल्या बहिणीपुढे अध्यक्षांचं काही चाललं नाही. आणि खरं तर आत्यांचंही चुकीचं नव्हतं. गवत कापून न्यायची मुभा होती, पण कापायला वाकावं लागतं, आणि ते गुडघे मी दौंडच्या उन्हात पाहिलेले होते.

भंडारा

गावात कल्पना पसरायला मोबाइल लागत नाही. चहाच्या वेळेपर्यंत किराणा दुकानदाराच्या शेळ्या देवाच्या झाल्या होत्या. मग माजी सरपंचांच्या. मग ज्यांनी आयुष्यात म्हसोबाला अगरबत्ती लावली नव्हती त्यांच्या. दुकानातली हळद संपली. एका म्हशीच्या कपाळावरही मी पिवळा पट्टा पाहिला. मालक म्हणाला, ती पण भाविक आहे.

आप्पा ओट्यावर बसून होते. "उद्या सभेत काय बोलू?" ते म्हणाले. "माळ बंद हाय म्हनतो आन् समदं गाव आत हाय. कोन ऐकंल? घरातलीच शेळी पयली." त्यांच्या हातात चहा गार झाला होता.

मी स्वयंपाकघरात गेले. प्राजक्ताची आई, म्हणजे काकू, चुलीवर भाकरी भाजत होत्या. नणंदेबद्दल त्या दिवसभर एक शब्द बोलल्या नव्हत्या, पण भाकरी फार जोरात थापत होत्या. मला एक गोष्ट खरोखरच माहीत नव्हती, म्हणून विचारली.

"काकू, देवाला सोडलेल्या बोकडाचं शेवटी काय होतं?"

"चैताच्या जत्रंत कापत्यात. गावजेवान."

"आणि शेळी असेल तर?"

"शेळी न्हाई कापत. देवळाच्या नावानं लिलाव. घरी माघारी कोनाला भेटत न्हाई."

"मग आता गावातल्या सगळ्याच..."

काकूंचा हात तव्यावर थांबला. भाकरीला काळा डाग पडला. मग त्यांना असं हसू फुटलं, की पदर तोंडात धरून त्या चुलीपुढेच बसल्या. "चल," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "देवळात चल."

माईक

मारुतीच्या देवळात एका लाकडी कपाटात माईक असतो. समितीच्या माणसाने तो सुरू केला, फुंकर मारली, आणि काकूंनी तो माझ्या हातात दिला.

"मी?"

"मी वैनी हाय. मी बोलले तर वन्सं मरूस्तवर त्येच काढत बसतील. ह्ये भाऊ हायेत, ह्यांनी बोलायची सोय न्हाई. गावातलं कोनी बोललं तर भांडान लागंल. पाव्हन्याचं कोनी मनावर घेत न्हाई. तू उद्या पुन्याला."

मी माझ्या वाढदिवसाला केक कापताना सुद्धा मागे उभी असते. पण ओट्यावरचा तो गार चहा मला आठवला, आणि त्याहून जास्त, तो आप्पांच्या छातीपर्यंतचा शेंडा. मी डोळे मिटले. घाबरले की माझं मराठी पाठ्यपुस्तकातलं होतं, तसंच झालं.

"नमस्कार. मी पुण्याहून आलेली पाहुणी बोलत आहे. गावातील सर्व शेळ्या व बोकड म्हसोबास अर्पण केल्याचे समजले. वाचून, म्हणजे ऐकून, अतिशय आनंद झाला." भोंग्यातून माझाच आवाज चार ठिकाणांहून परत येत होता. "चैत्रातील जत्रेत सर्व बोकडांचे गावजेवण व सर्व शेळ्यांचा लिलाव असेल. आमच्या ऑफिसातील मंडळींना दोन्हीसाठी यायला आवडेल. किती जणांनी यावे ते कृपया कळवावे. आपली विश्वासू."

ऑफिसात कोणाला शेळी घ्यायची आहे, हे मी अर्थातच विचारलेलं नव्हतं.

बाहेर सूर्य मावळत होता. मग एक दार वाजलं. मग एक नळ. मग हापसा. मग सगळीकडून एकदम, ज्यांना अवेळी अंघोळ घातली जाते त्या शेळ्यांचा आक्रोश.

ग्रामसभा

आता, हळदीला साबण लागला की काय होतं, हे गावातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. पण शेळ्या धुवायला त्या घाईत पुरुष बसले होते. रविवारी सकाळी गावातल्या सगळ्या पांढऱ्या शेळ्यांची कपाळं लालभडक होती. काळ्या शेळ्यांचे मालक सुटले. बाकीच्यांच्या शेळ्या रस्त्याने अशा फिरत होत्या, जणू काही सगळ्या एकाच मांडवातून लग्न लागून आल्यात.

सभा पंचायतीच्या पत्र्याखाली भरली. दुकानदार उठला. "माळ मोकळा करावा, अशी आमची..." तेवढ्यात त्याची लाल कपाळाची शेळी त्याला शोधत आत आली आणि त्याच्या पायाशी उभी राहिली. लोक हसायचे थांबेनात. तो खाली बसला.

आप्पा उठले. "मला एवढंच इचारायचंय," ते म्हणाले. "शेळ्या देवाच्या असतील, तर आत्ता सोडा म्हसोबापाशी, चैताला लिलाव. तुमच्या असतील, तर नियम तुम्हाला. कुनाच्या हायेत ते एकदा सांगा."

मी मागे, खांबाच्या आड, इंदूआत्यांकडे बघायचं टाळत होते. त्याच उठल्या, गुडघ्यावर हात टेकून.

"माझ्या हायेत," त्या म्हणाल्या. "सपान बिपान काय पडलं न्हाई. पर बाळ्या, माझ्या शेळ्यांनी काय दगुड खायाचा? तुझी बंदी धडधाकटांची हाय. मला वाकता येत न्हाई, त्ये कोन बघनार?"

हे समितीने कधी विचारात घेतलंच नव्हतं, आप्पांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

"मी देते कापून," काकू बायकांच्या घोळक्यातून म्हणाल्या. "माझा भारा आनते, त्यात वन्संचा आनीन."

"तू?" आत्या वळल्या. "तू लई बारीक कापतीस."

"मग जाड कापीन!"

ज्यांना वाकता येत नाही, त्यांच्या गवताची गल्लीत पाळी लावायची, असं ठरलं. मग हात वर झाले. माळ आणखी दोन पावसाळे बंद. आप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं, पुन्हा घातली, आणि सभा संपली असं म्हणायला विसरले, त्यामुळे लोक बराच वेळ बसूनच राहिले.

उठता उठता आत्यांनी त्यांना अडवलं. "आन् माझं नाव?"

"कशाचं नाव, आक्का?"

"पुकारायचं राह्यलं की. शेळ्या मिळाल्या व्हत्या का न्हाई गायरानात? नियम म्हंजी नियम. उद्या लोक म्हनतील, अध्यक्षाची भन म्हनून सोडली."

आप्पांनी नको नको म्हटलं. शेवटी माईक हातात घ्यावा लागला. मी जीपमध्ये पिशवी ठेवत होते तेव्हा भोंगा खरखरला. "श्रीमती इंदूबाई..." आप्पांचा आवाज अडखळला, "यांच्या शेळ्या गायरानात मिळालेल्या आहेत..."

आत्या देवळाच्या पायरीवर, पदर नीट करून, सत्काराला बसल्यासारख्या बसल्या होत्या. मला बघून त्यांनी हातानेच थांबायला सांगितलं. मला वाटलं, आता ऐकवणार. मी त्यांच्याजवळ गेले, पायाकडे बघत.

"ऑफिसातले कितीजन येनार म्हनालीस?"

"कोणीच नाही, आत्या."

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या. मग आत वळून ओरडल्या, "बाळ्या, नीट ऐकू न्हाई आलं! परत घे पयल्यापासनं!"